महायुद्धांतील आपले गावकरी आणि शाळेतील मुलांचे काम

ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावाच्या एकजुटीने पार पडतो, तेव्हा सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची पाटी लागते. एकशे एक रुपये देणाऱ्याचेही नाव तीत कोरले जाते, व ते योग्यच आहे. परंतु दक्षिण रायगडातील कित्येक घराण्यांनी यापूर्वी याहून फार मोठी देणगी दिली, तिची पाटी कोठेही लागली नाही. ती देणगी म्हणजे घरातील कर्ता मुलगा.

महाड, माणगाव, पोलादपूर हा मुलूख डोंगराळ. पावसाळी भाताचे एकच पीक, जमिनीचे तुकडे लहान. त्यामुळे तरुणांना दोन वाटा मोकळ्या होत्या, मुंबईची गिरणी किंवा पलटण. महाड तालुक्यातील एका आंबवडे गावास तर ‘फौजी आंबवडे’ असेच नाव पडले. घाटावर सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामास आले.

इ. स. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. कूत-अल-अमारा या ठिकाणी डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी वेढा दिला. तो जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. आपल्या जवानांनी धर्माच्या व रूढीच्या भीतीने ते मांस प्रथम नाकारले व उपासमार सोसली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांची फौज शरण गेली. त्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींचे लोक होते. पुढे वाळवंटातून पायी चालताना व तुर्कांच्या कैदेत त्यांतील पुष्कळ मेले.

युद्धानंतर सरकारने काही गावांत लहान पाट्या बसविल्या. या गावातून इतकी माणसे युद्धास गेली व इतकी कामास आली, एवढाच मजकूर त्यांवर असतो. नाव नाही, आकडा आहे. खुद्द बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही तोच प्रकार घडला. तेथे चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. इंग्रज शिपायाचे नाव दगडावर कोरले गेले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले गेले. साध्या हिंदी शिपायाची मात्र पलटणवार संख्या तेवढी कोरली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने हा दुजाभाव इ. स. २०२१ मध्ये उघडपणे मान्य केला व माफी मागितली. पण शंभर वर्षांनंतरच्या माफीने घरातील नाव घरात परत येत नाही. ते शोधूनच आणावे लागते.

दुसऱ्या महायुद्धातील (१९३९ ते १९४५) एक नाव मात्र सर्वांस ठाऊक आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा माणगावच्या तहसील कचेरीसमोर उभा आहे. दाखल्यासाठी येणारा प्रत्येक माणूस त्याजवरून जातो. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशिनगनने त्यांच्या तुकडीतील सर्व जवान ठार किंवा जखमी केले. एकटे घाडगे उरले. त्यांनी तोफखड्ड्यावर धाव घेऊन हातगोळ्याने मशिनगन बंद पाडली, एकास गोळी घातली व काडतुसे भरण्यास वेळ नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांस टिपले. वय अवघे बावीस. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी सापडत नाही. नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे.

पुढील वर्षी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनियो नदीवर नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगपेरणीतून बाहेर काढले, नंतर शत्रूच्या तीन मशिनगन बंद पाडल्या. त्यांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला व ते १९८४ पर्यंत हयात होते.

जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील वचनाचा आशय आहे. परक्या मुलखातील एक गाव जर कोकणातील तरुणाची एवढी आठवण ठेवते, तर त्याच्याबरोबर गेलेल्या इतरांची आठवण त्यांच्या स्वतःच्या गावांनी का ठेवू नये?

हे काम कोणी करावे? प्राथमिक शाळेतील मुलांनी. चौथीची मुले शिवचरित्र वाचतात, त्यांस प्रतापगडचा रणसंग्राम तोंडपाठ असतो. पण आपल्याच आळीतील कोणाचे पणजोबा कोणत्या लढाईत होते, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. मोठ्या माणसाने विचारले तर म्हातारी माणसे कागदपत्र, पेन्शन, हिस्सा अशा शंका काढतात. लहान मुलाने विचारले तर ट्रंक उघडतात.

त्या ट्रंकेत पाहण्यासारखे पुष्कळ असते. पहिल्या महायुद्धाच्या रुप्याच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते, ती भिंगाने वाचावी. डिस्चार्जचे कागद, जुने फोटो, मनिऑर्डरच्या पावत्या यांची नक्कल करावी, मूळ वस्तू घरातच ठेवावी. आजीच्या डब्यात १९४३ नंतरचा भोकाचा पैसा सापडला तर तोही युद्धाचाच पुरावा आहे. धातू वाचविण्यासाठी सरकारने पैशाला मध्ये भोक पाडले होते. रेशन, रॉकेलची टंचाई आणि १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतील भयंकर स्फोट या गोष्टी घरोघरी ऐकलेल्या असतात, त्याही लिहून घ्याव्यात.

मिळालेले नाव आयोगाच्या इंटरनेटवरील यादीत शोधता येते. मृताच्या नोंदीत पुष्कळदा वडिलांचे व गावाचे नावही असते. मात्र इंग्रजी स्पेलिंग निरनिराळी असतात आणि जिल्हा रायगड नव्हे तर कुलाबा असा असतो, हे गुरुजनांनी लक्षात ठेवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी.

दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. पहिली, मुलांनी प्रत्येक वाडीत जावे. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली व १९२१ मध्ये मोडली गेली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावी महार रेजिमेंट नव्याने उभी राहिली. बौद्धवाडीतील ट्रंका उघडल्याशिवाय गावाची यादी पुरी होणार नाही. दुसरी, युद्धकाळ म्हणजे केवळ पलटण नव्हे. १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, हुतात्मे पडले. एकाच काळात या मुलखातील काही मुले इटलीत इंग्रजांच्या बाजूने लढत होती आणि काही इंग्रजांविरुद्ध महाडात प्राण देत होती. दोन्ही आपलीच. मुलांच्या वहीत दोन्ही नावे शेजारी असावीत.

वेळ मात्र थोडा आहे. १९४५ साली वीस वर्षांचा असलेला जवान आज शंभरीला टेकलेला असणार. त्याच्या तोंडून ऐकणारी मुले-मुली सत्तरी-ऐंशीची झाली आहेत. त्यांच्यानंतर घर पाडताना ट्रंक भंगारात जाईल आणि केवळ आकडाच शिल्लक राहील.

मंदिर जीर्ण झाले तर वर्गणी काढून नवे करता येते. विसरलेले नाव कोणत्याही वर्गणीने परत मिळत नाही. म्हणून देणगीदारांच्या पाटीशेजारी एक हात जागा मोकळी सोडावी. शाळेतील मुलांनी नावे शोधून आणावीत आणि गावाने ती तेथे कोरावीत. ग्रामदेवता मुलांच्या या कार्यास यश देवो.