यादी फोडणारा लिंकन

राजकारणात रस असलेली पोरं मला विचारतात, ‘लिंकनवर काय वाचू?’ मी आधी चरित्र देत नाही, एक पत्रक वाचायला देतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात व्हिग पक्षाच्या समितीने जानेवारी १८४० मध्ये ते आपल्या कार्यकर्त्यांना पाठवलं होतं. सही करणाऱ्यांत तिशीतला अब्राहम लिंकन होता. पत्रक सांगतं: आपल्या काउंटीचे छोटे भाग पाडा, प्रत्येक भागाला माणसं नेमा, एकूण एक मतदाराची पक्की यादी करा आणि कोण कुणाला मत देणार याची खात्री करून घ्या. ज्यांचं नक्की नाही त्यांची नावं वेगळी काढा, त्यांच्यावर सतत नजर ठेवा, आणि त्यांचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांनाच त्यांच्याशी बोलायला पाठवा. मतदानाच्या दिवशी आपला प्रत्येक मतदार केंद्रावर आलाच पाहिजे.

मी कराडचा. कॉलेजात होतो तेव्हापासून निवडणुकीत यादी फोडायचं काम केलं आहे. गल्लीवार नावं वेगळी काढायची, मुंबई-पुण्याला गेलेल्यांपुढे एक खूण, काठावरच्यांपुढे दुसरी, आणि काठावरच्या घरी कोण गेलं तर चालेल ते ठरवायचं. हे पत्रक वाचलं आणि लिंकन मला आपल्यातला वाटू लागला. राजकारणाची आवड असणाऱ्याने लिंकन वाचायचा तो असा, कार्यकर्ता म्हणून. गुलामगिरी संपवणारा माणूस आणि मतं मोजणारा माणूस एकच होता. हे दाखवतील ती पुस्तकं आधी वाचावीत.

आपल्याकडे लिंकन पोहोचला तो बहुतेकांकडे एका पत्रातून. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून सांगितलं जाणारं ते पत्र वसंत बापटांच्या मराठीतून शाळाशाळांच्या भिंतींवर गेलं. मजकूर सुंदर आहे, पण तो लिंकनचा नाही. रॉय बॅसलर यांनी संपादित केलेलं लिंकनचं समग्र लेखन १९५३ मध्ये आठ खंडांत निघालं. त्यात हे पत्र नाही. १८४० चं पत्रक मात्र पहिल्याच खंडात आहे. हे खंड आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. चाळायला सुरुवात तिथूनच करा.

लिंकन-चरित्राचा इतिहास हा स्वतःच राजकारणाचा धडा आहे. १४ एप्रिल १८६५ रोजी, गुड फ्रायडेला, त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, आणि बघता बघता त्याचा संत झाला. ते सहन न झालेला माणूस म्हणजे विल्यम हर्नडन, स्प्रिंगफिल्डच्या वकिली कचेरीतला त्याचा भागीदार. शेजारी, नातेवाईक, जुने अशील अशा लोकांना तो भेटला, पत्रं लिहिली, आठवणी टिपून घेतल्या. त्याचं पुस्तक १८८९ मध्ये आलं. त्यातल्या काही कथा कच्च्या आहेत, लिंकनच्या बायकोवर तर तो अन्यायच करतो. पण लिंकनची महत्त्वाकांक्षा त्याने झाकली नाही. दुसऱ्या बाजूला होते ‘निकोले’ आणि ‘हे’ या आडनावांचे व्हाइट हाउसमधले लिंकनचे दोन तरुण सचिव. त्यांनी १८९० मध्ये दहा खंडांचं चरित्र पुरं केलं. लिंकनचे खासगी कागद त्यांना मिळाले, पण मजकूर थोरला मुलगा रॉबर्ट याच्या नजरेखालून जात असे.

त्या कागदांची गोष्ट पुढे लांबली. रॉबर्टने ते लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले ते एका अटीवर: माझ्या मृत्यूनंतर २१ वर्षं ते उघडायचे नाहीत. तो जुलै १९२६ मध्ये वारला. २६ जुलै १९४७ च्या मध्यरात्री वॉशिंग्टनमध्ये तिजोरी उघडली तेव्हा अभ्यासक ताटकळत उभे होते. त्यांत कवी कार्ल सँडबर्गही होता. लिंकनवरचे त्याचे सहा खंड तोवर छापूनही झाले होते. आतून कुठलंही खळबळजनक गुपित निघालं नाही. निघाली ती राज्यकर्त्याच्या टेबलावर रोज पडणारी पत्रं: नोकरी मागणारी, सल्ला देणारी, तक्रार करणारी. माझ्या लेखी हा खजिना होता. यापुढच्या चरित्रकारांना लिंकनचं कामकाज रोजच्या रोज दिसू लागलं.

म्हणून १९४७ नंतरची तीन पुस्तकं मी आग्रहाने सुचवतो. पहिलं डेव्हिड हर्बर्ट डोनाल्ड यांचं ‘लिंकन’, १९९५ चं. एका खंडात अख्खा माणूस. लिंकनला त्या त्या वेळी जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरच डोनाल्ड त्याचे निर्णय तोलतात. पुढचं माहीत असल्याचा फायदा ते वाचकाला घेऊ देत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

दुसरं डोरिस कर्न्स गुडविन यांचं ‘टीम ऑफ रायव्हल्स’, २००५ चं. १८६० मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी लिंकनसमोर सेवर्ड, चेस आणि बेट्स होते, तिघेही त्याच्याहून नावाजलेले. लिंकनने तिघांनाही मंत्रिमंडळात घेतलं. एका खटल्यात ज्या स्टँटनने त्याचा पाणउतारा केला होता, त्याला ऐन यादवी युद्धात युद्धमंत्री केलं. चेस मंत्री असतानाच १८६४ च्या उमेदवारीसाठी हालचाली करत होता. लिंकनने त्याचा राजीनामा योग्य वेळी स्वीकारला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला सरन्यायाधीश केलं. आपल्या गावात पॅनेल बसवताना नाराजांची समजूत काढणाऱ्या प्रत्येकाने ही प्रकरणं वाचावीत.

तिसरं एरिक फोनर यांचं ‘द फायरी ट्रायल’, २०१० चं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. फोनर लिंकनचं काहीच लपवत नाहीत. मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी देशाबाहेर जाऊन वसावं, असं लिंकन बरीच वर्षं म्हणत होता. १४ ऑगस्ट १८६२ रोजी काळ्या नागरिकांच्या शिष्टमंडळाला व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्याने हेच सुनावलं. आठवड्याभराने, २२ ऑगस्टला, संपादक होरेस ग्रीली याला त्याने पत्र लिहिलं: आपला मुख्य हेतू संघराज्य वाचवणं हा आहे, गुलामगिरी राखणं किंवा मोडणं हा नाही. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात याच पत्राचा दाखला देऊन लिंकनवर कठोर बोट ठेवलं आहे. त्यांचा मुद्दा डावलून लिंकनचं कौतुक करता येणार नाही.

पण तारखा शेजारी ठेवून वाचा. महिनाभर आधी, २२ जुलैला, लिंकनने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. सेवर्ड म्हणाला, रणांगणावर एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर हे हताश सरकारचं ओरडणं वाटेल. लिंकन थांबला. म्हणजे ग्रीलीला पत्र गेलं तेव्हा मसुदा तयार होता. काठावरच्या राज्यांना आणि काठावरच्या मतदारांना तो आधी तयार करत होता. सप्टेंबरात अँटिएटमच्या लढाईने विजय म्हणता येईल असं काही हाती आलं आणि पाच दिवसांत, २२ सप्टेंबरला, घोषणा निघाली. १ जानेवारी १८६३ रोजी सहीला बसला तेव्हा नववर्षाच्या स्वागत समारंभात तासन्‌तास हस्तांदोलन करून त्याचा हात थरथरत होता. अक्षर कापलं तर लोक म्हणतील हा कचरला, म्हणून त्याने थोडं थांबून, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

जाहीरनाम्यानंतर सुमारे १,८०,००० काळे सैनिक संघराज्याच्या फौजेत दाखल झाले, आणि त्यांनी लिंकनलाही बदलवलं. पूर्वी स्वतः गुलाम असलेला कार्यकर्ता फ्रेडरिक डग्लस त्याला येऊन भेटला, समान पगारासाठी भांडला. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी कायमची बंद करणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ अशी मंजूर झाली. दोन तृतीयांश मतं लागत होती आणि ती जेमतेम जुळली. इथे पंचवीस वर्षांपूर्वीचं पत्रक मला पुन्हा दिसतं: नावं वेगळी काढा, योग्य माणूस पाठवा. ११ एप्रिलच्या शेवटच्या भाषणात त्याने काही काळ्या पुरुषांना, विशेषतः सैनिकांना, मताचा हक्क द्यावा असं जाहीरपणे म्हटलं. ते ऐकणाऱ्या गर्दीत त्याचा मारेकरी बूथ उभा होता.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक पुण्यात लिहिलं आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. अर्पण एका राष्ट्राध्यक्षाला नाही, लोकांना आहे. हे फार नेमकं आहे. डग्लस, ते सैनिक, वर्षानुवर्षं सभा घेणारे कार्यकर्ते नसते तर लिंकनपाशी मोजायला मतंच नसती. आणि ती मतं कुठल्या दिवशी पुरतील हे ओळखणारा लिंकन नसता तर कायदा अडकून पडला असता.

म्हणून एकच पुस्तक घ्यायची ऐपत असेल तर फोनर घ्या. दोन परवडत असतील तर डोनाल्डही घ्या, आणि गुडविन ग्रंथालयातून आणा. राजकारण घाण आहे म्हणून लांब राहणाऱ्या मित्रांना तर मुद्दाम वाचायला द्या. चाळीस लाख माणसांची गुलामी संपली त्यात लढाया होत्या, चळवळी होत्या, आणि शेवटी नावानिशी मोजलेली मतंही होती. ते मोजण्याचं काम कुणीतरी चांगल्या हेतूने, नेटाने करायला हवं. आपल्या तालुक्यातही.