सँडी आयलंड : नकाशावरील तळटीप

* ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या कोरल समुद्रात दाखवलेले हे बेट प्रत्यक्षात नाही. लेखकाने जुना नकाशा वापरल्यामुळे ते इथे आले आहे; आम्ही ते मुद्दामच पुसलेले नाही. 1876मध्ये ‘व्हेलॉसिटी’ या देवमासे मारणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने या भागात फुटणाऱ्या लाटा आणि वाळूची बेटे दिसल्याचे कळवले. 1908च्या ब्रिटिश आरमारी नकाशात ते उतरले. कप्तानाने थाप मारली असे मानायचे कारण नाही. समुद्रातल्या ज्वालामुखींतून निघालेल्या प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचे तरंगते थर या पट्ट्यातून वाहत जातात. दुरून पाहणाऱ्याला ते जमिनीसारखे वाटू शकतात.

खरे नवल पुढेच आहे. फ्रेंचांनी 1970च्या दशकातच आपल्या सागरी नकाशांतून हे बेट काढून टाकले होते. तरीही ते किनाऱ्यांच्या संगणकीय माहितीसाठ्यात शिरले आणि गूगलच्या नकाशावर चक्क मॅनहॅटनएवढे होऊन बसले! नोव्हेंबर 2012मध्ये ‘सदर्न सर्व्हेयर’ हे ऑस्ट्रेलियन संशोधन-जहाज नेमके त्या जागी गेले. पाणी कुठेही 1300 मीटरांहून उथळ भरले नाही. मोहिमेच्या प्रमुख मारिया सेटन आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी एका विज्ञानपत्रिकेत बेटाचा रीतसर मृत्युलेख छापला, जन्म-मृत्यूच्या सालांसह : 1876–2012.

या प्रकरणातील अंतरांचा हिशेब सदर बेटावरून केलेला नसल्याने तो मुळाबरहुकूम ठेवला आहे. – संपा.