एकखांबी तंबू

सावकारीत कर्ज देणे सोपे; दिलेले कर्ज कशाच्या आधारावर उभे आहे, हे ओळखणे कठीण. मुंबईने हा धडा १८६५ साली गिरविला आणि त्याची दक्षिणाही जबर मोजली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखताच लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला व त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव कडाडले. मुंबई बंदरात सोन्यारुप्याचा ओघ सुरू झाला. या पैशाला वाट हवी होती. नव्या बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला!

१८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही शहरातील प्रतिष्ठित पेढी. खुद्द सरकार तिचे भागीदार. जुन्या सनदेने तिच्या कर्जव्यवहारास कडक मर्यादा घातल्या होत्या. १८६३ च्या कायद्याने त्या सैल झाल्या व शेअरांच्या तारणावर कर्जे देण्याची वाट मोकळी झाली. शेअरबाजाराचे धुरीण प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला बँकेत मोठे वजन आले. कित्येक कर्जे तर केवळ सहीवर दिली गेली.

वरवर पाहता धोका पुष्कळांत वाटलेला दिसे. ऋणको अनेक, कंपन्या अनेक, तारणे अनेक. परंतु शेअरांचा भाव कापसाच्या पैशावर आणि कापसाचा भाव दूरच्या युद्धावर अवलंबून होता. ऋणकोची ऐपतही त्याच शेअरांत गुंतलेली. तेव्हा ऋणको बुडाला असता ज्या तारणाकडे धाव घ्यावयाची, ते तारण त्याच घटकेस बुडणार, हे उघड होते. शिवाय पुष्कळ शेअरांची रक्कम पुरती भरलेली नव्हती. ते ज्याच्या हाती, त्याच्या माथी पुढील हप्त्यांचे ओझे. वह्यांत शंभर खांब दिसत. वस्तुतः तंबू एकखांबी होता.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याची वार्ता आली आणि तो खांब ढळला. १ जुलै ही वायद्यांच्या फेडीची तारीख. घेणारास पैसे देता येईनात. म्हणून विकणारालाही आपले देणे भागविता येईना. एकामागून एक पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ साली बँक गुंडाळली गेली व तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी मंडळाने संचालकांची हयगय व चिटणिसांचा गैरकारभार यांवर ठपका ठेवलाच. पण १८६३ साली काढून टाकलेल्या निर्बंधांकडेही बोट दाखविले. पुढे १८७६ च्या कायद्याने इलाखा बँकांवर पुन्हा बंधने आली: कर्जाची मुदत सहा महिन्यांहून अधिक नसावी, स्थावराच्या गहाणावर कर्ज देऊ नये, वचनचिठ्ठीवर दोन स्वतंत्र सह्या असाव्यात.

तेजीत हे नियम पायातील बेड्या वाटले होते. त्या बेड्या नसून तंबूचे ताणे होते, हे वारा सुटल्यावर कळले.