टॉवर, चिमण्या आणि एक अर्ज

2008 सालची गोष्ट. नांदेडच्या जुन्या भागात आमच्या गल्लीतल्या एका गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. घरमालक माझ्या वडिलांचे दोस्त. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. निवृत्त माणूस, भाड्याचे चार पैसे येत होते. त्याच साली लातूरला माझ्या आपाच्या मेंदूत गाठ निघाली. तिच्याही घरामागे टॉवर होता. मी जोड लावून मोकळा झालो. मोहल्ल्याने पालिकेत अर्ज द्यायचं ठरवलं, तेव्हा तो मीच लिहिला. ‘कॅन्सर पसरवणारा किरणोत्सर्ग’ हे शब्द माझे.

चूक त्या शब्दातच होती. किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्याला हिरोशिमा आठवतं. युरेनियमसारख्या पदार्थांतून निघणारे किरण पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकतात. मोबाइलच्या लहरींत तेवढी ऊर्जा नसते. त्या रेडिओच्याच भाऊबंद. हे भाषण आकाशवाणीवर ज्यांनी ऐकलं, त्यांच्यापर्यंत माझा आवाज अशाच लहरींनी पोचला, फक्त त्यांची वारंवारता कमी. जोर फार असला तर या लहरी शरीर थोडं तापवतात. शास्त्रज्ञांचा शब्द आहे ‘प्रारण’. तो अर्जात घातला असता तर कोणी घाबरलंच नसतं!

भीती काही आमच्याच गल्लीत नव्हती. डिसेंबर 2010 मध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या धोक्यांविषयी दूरसंचार खात्याला अहवाल दिला. मुंबईत अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठवला. मे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून ‘कदाचित’ गळालं. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत, हे कोण सांगणार? सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

गंमत अशी की टॉवरपासून दूर जावं तसा लहरींचा जोर झपाट्याने घटतो. डोक्याला खरी जवळीक कानाला लावलेल्या फोनची. आणि रेंज नसली की हाच फोन अधिक जोर लावतो. म्हणजे टॉवर हटवून आम्ही आमचेच फोन ओरडायला लावणार होतो.

पुढे मी चिमण्यांवरही कविता केली. टॉवर आला, चिमण्या गेल्या. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांचा प्रश्न देशभर नेला, 2010 पासून 20 मार्च हा चिमणी दिन पाळला जाऊ लागला. पण आमच्याकडच्या चिमण्या राहायच्या कुठे? माळवदाच्या घरांत, लाकडी सरांच्या सांदीत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत तीच दगडमातीची घरं माणसांवर कोसळली. हजारो गेले. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडे माणसं माळवदाखाली झोपायला धजेनात. जमेल तसे स्लॅब आले आणि सांदी बुजल्या. पिकांवरच्या फवारणीने अळ्या गेल्या, त्यावरच तर पिल्लं वाढतात. टॉवरच्या कितीतरी आधीचं हे सगळं. पण कवितेला एकच खलनायक सोयीचा असतो.

आपा 2010 मध्ये गेली. तिने मोबाइल कधी हातात धरला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, अशा गाठींचं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. मला कारण हवं होतं.

2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा प्रसिद्ध झाला. 63 अभ्यास तपासले. मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. विज्ञान ‘अजिबात नाही’ असं कधी म्हणत नाही, म्हणून लांबच्या गप्पांना मी इअरफोन लावतो. टॉवरची शंका असेल तर 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळाने चार हजार रुपये भरून मोजणी करून घेण्याची सोय केली. 2008 मध्ये तीही नव्हती.

अर्जानंतर कित्येक महिने गल्लीत चाचांशी कोणी थांबून बोलत नव्हतं. मीसुद्धा. ती बातमी आली तेव्हा कात्रण घेऊन त्यांच्याकडे गेलो. ऐंशी उलटलेले, ऐकू कमी येतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, ‘‘पालिकेने मला तुमचा अर्ज दाखवला होता रे. तुझं अक्षर लई सुरेख होतं.’’