गलगंड व अवटू-आधिक्य : रोगवर्गीकरणाचा इतिहास

मानेच्या पुढच्या भागात श्वासनालाच्या दोन्ही अंगांस असलेल्या अवटू ग्रंथीची (थायरॉइड ग्रंथीची) वाढ झाली म्हणजे तिला गलगंड म्हणतात. याच ग्रंथीच्या हॉर्मोनांचे (उत्तेजक स्रावांचे) प्रमाण शरीरात फाजील झाले म्हणजे अवटू-आधिक्य होते. पहिली संज्ञा आकाराची आहे, दुसरी कार्याची. मोठा गलगंड असूनही ग्रंथीचे कार्य प्राकृत किंवा मंद असू शकते. उलट गळ्यावर काहीही दिसत नसताना अवटू-आधिक्याने रोग्याचे हृदय व स्नायू खंगत जाऊ शकतात. हा भेद वैद्यकास उशिरा उमगला आणि रोगांना संकेतांक देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सूचीत तो त्याहूनही उशिरा उतरला. रोगाचे तिसरे अंग, म्हणजे त्याचे कारण, त्या सूचीत आजही अर्धवटच उतरलेले आहे.

गलगंड हा शब्द प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची व अर्बुद यांच्याबरोबर गलगंडाचे वर्णन येते आणि त्याचे वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार सांगितलेले आहेत. पित्तज प्रकार मात्र दिलेला नाही. ही विभागणी दोषांवर आधारलेली असली, तरी दिसणाऱ्या सुजेमागे शरीरात काय बिघडले आहे, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा तो एक प्रयत्नच होय. यूरोपातील जुनी संज्ञा ‘ब्राँकोसील’ ही याच्या तुलनेने केवळ जागा दाखविणारी आहे.

अवटू-आधिक्याचे वर्णन प्रथम अवटू ग्रंथीचा रोग म्हणून झाले नाही. इंग्लंडमधील बाथ येथील केलेब हिलियर पॅरी यांनी १७८६ मध्ये असा रोगी पाहिला होता. परंतु त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी गळ्याच्या सुजेचा संबंध हृदयविकाराशी जोडला होता. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये वर्णन केलेल्या स्त्री-रोग्यांमध्येही त्यांचे लक्ष वेधले ते तीव्र व दीर्घकाळ टिकणाऱ्या धडधडीने. जर्मनीतील मेर्सेबुर्ग गावचे वैद्य कार्ल फोन बाझेडो यांनी १८४० मध्ये बाहेर आलेले डोळे, गलगंड व हृदयाची धडधड ही तीन लक्षणे एकत्र मांडली. ‘मेर्सेबुर्ग त्रयी’ या नावाने ती ओळखली जातात. इंग्रजी भाषिकांनी रोगास ग्रेव्हज यांचे नाव दिले, तर जर्मन भाषिकांनी बाझेडो यांचे. नाव कोणाचे द्यावे याबद्दल वाद होत राहिले, पण रोग कोणत्या इंद्रियाचा हा अधिक महत्त्वाचा प्रश्न बराच काळ अनिर्णीत होता. हृदयाचा, मज्जासंस्थेचा आणि रक्ताचा असे तीनही पक्ष होते. ग्रंथीचे अतिकार्य हेच मूळ, हा विचार १८८६ मध्ये लाइपसिक येथील पाउल मोबिउस यांनी मांडला. त्यास आधार मिळाला तो उलट बाजूने : संपूर्ण ग्रंथी कापून काढलेल्या रोग्यांत श्लेष्मशोफासारखी अवस्था येते, हे स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये दाखविले होते आणि १८९१ मध्ये जॉर्ज मरी यांनी ग्रंथीचा अर्क देऊन श्लेष्मशोफ बरा केला. जे उणे पडल्याने एक रोग होतो, तेच अधिक झाल्याने दुसरा होऊ शकतो, हे आता पटण्यासारखे होते.

मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय सूची याच सुमारास सिद्ध झाली. फ्रेंच सांख्यिकीविज्ञ झाक बेर्तियाँ यांनी ती १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे ठेवली. तिच्या १९०९ च्या दुसऱ्या पुनरीक्षणात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. नेत्रोत्सेधी गलगंड (डोळे बाहेर आणणारा गलगंड) हा ५१ व्या क्रमांकावर, ‘सर्वसाधारण रोगां’मध्ये, मधुमेहाच्या शेजारी आहे; आणि ‘अवटू ग्रंथीचे रोग’ मात्र ८८ व्या क्रमांकावर, स्वरयंत्र आणि श्वासनलिकादाह यांच्यामध्ये, म्हणजे श्वसनसंस्थेच्या रोगांत आहेत. एकाच ग्रंथीचे दोन विकार अशा रीतीने दोन घरांत राहिले. ब्राँकोसील या जुन्या नावाची छाया त्या दुसऱ्या घरावर पडलेली दिसते. १९२० च्या तिसऱ्या पुनरीक्षणात दोन्ही एका क्रमांकाखाली (६०) आले : अ) नेत्रोत्सेधी गलगंड, आ) इतर.

दरम्यान अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे हेन्री प्लमर यांनी १९१३ मध्ये असे दाखविले की, अवटू-आधिक्य दोन प्रकारे उद्‌भवते : सबंध ग्रंथी सारखी वाढून, किंवा ग्रंथीत निर्माण झालेल्या गाठीमुळे. गाठीच्या प्रकारात डोळे बाहेर येत नाहीत व रोगी बहुधा अधिक वयाचा असतो. हा भेद १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतलेल्या सहाव्या पुनरीक्षणात पूर्णपणे स्वीकारलेला आढळतो. २५० साधा गलगंड, २५१ अविषारी गाठीचा गलगंड, २५२ ‘गलगंडासह किंवा गलगंडाविरहित थायरोटॉक्सिकोसिस’ अशी ती मांडणी होती. ‘गलगंडासह किंवा गलगंडाविरहित’ हे शब्द रुक्ष वाटले, तरी आकार व कार्य यांची फारकत सूचीने येथे प्रथमच उघडपणे मान्य केली.

जुन्या नोंदी वाचणाऱ्याने येथे सावध राहावयास हवे. १९६५ च्या आठव्या पुनरीक्षणात हे क्रमांक २४० ते २४२ झाले आणि रिकामा झालेला २५० हा क्रमांक मधुमेहास मिळाला. त्यामुळे १९५० नंतरच्या दशकातील रुग्णालयीन वहीत २५० म्हणजे साधा गलगंड, तर १९७० नंतरच्या वहीत तोच आकडा मधुमेहाचा होय. पुनरीक्षणाचे वर्ष पाहिल्याविना अशा आकड्यांची बेरीज करणे व्यर्थ आहे.

सहाव्या पुनरीक्षणाबरोबर मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचा आंतरराष्ट्रीय नमुना आणि मृत्यूच्या ‘मूळ कारणा’ची गणना करण्याचा नियमही आला. वृद्धांतील अवटू-आधिक्यात पुष्कळदा डोळे व गळा प्राकृत दिसतात. हृदयाचे अनियमित स्पंदन व हृदयाची अकार्यक्षमता एवढेच समोर येते. प्रमाणपत्रात वैद्याने मूळ कारण म्हणून थायरोटॉक्सिकोसिस लिहिले, तर मृत्यू अवटू ग्रंथीच्या खाती पडतो. केवळ ‘हृदय बंद पडले’ असे लिहिले, तर ती ग्रंथी आकडेवारीतून नाहीशी होते. पॅरींनी हृदयाकडे पाहिले, त्याची ही एक प्रकारे पुनरावृत्तीच आहे.

दहाव्या पुनरीक्षणात (१९९०) आकड्यापुढे अक्षर आले व अवटू ग्रंथीच्या विकारांस ई०० ते ई०७ ही जागा मिळाली. त्यांपैकी ई०० ते ई०२ ही घरे आयोडीनच्या न्यूनतेच्या विकारांसाठी राखून ठेवली आहेत. यामागे भारतातील कामाचाही वाटा आहे. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला व गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखविले. त्यानंतर १९६२ मध्ये भारत शासनाने गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९८३ मध्ये बेसिल हेट्झेल यांनी ‘आयोडीन न्यूनताजन्य विकार’ ही व्यापक संज्ञा सुचविली व १९९२ मध्ये भारतीय कार्यक्रमाचे नावही तिला अनुसरून बदलले. गळ्यावरच्या सुजेइतकेच अर्भकाच्या बुद्धीचे नुकसानही गणले जावे, हा या नामांतराचा अर्थ होता.

अवटू-आधिक्यास ई०५ हे घर आहे : ई०५.० पसरट गलगंडासह (ग्रेव्हज रोग यातच येतो), ई०५.१ एका विषारी गाठीसह, ई०५.२ अनेक गाठींसह, ई०५.५ प्राणघातक ठरू शकणारी अवटू-आणीबाणी. बाहेर आलेल्या डोळ्यांची नोंद मात्र नेत्ररोगांच्या प्रकरणात एच०६.२ येथे तारकाचिन्हाने करावी लागते. ई०५ च्या शीर्षकात थायरोटॉक्सिकोसिस व अवटू-अतिकार्य हे शब्द समानार्थी म्हणून येतात, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हे सूचीचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे. अवटू-शोथात (ई०६) ग्रंथी अतिकार्य करीत नाही. इजा झालेल्या ग्रंथीतून साठलेले हॉर्मोन रक्तात सांडते. अशा रोग्यास हॉर्मोननिर्मिती रोखणारी औषधे देऊन उपयोग होत नाही.

ग्रेव्हज रोगाचे कारण १९५६ पासून उलगडत गेले. न्यूझीलंडमधील ॲडम्स व पर्व्हिस यांना रोग्यांच्या रक्तद्रवात ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित करणारा पदार्थ आढळला. तो पुढे प्रतिपिंड ठरला. म्हणजे हा रोग आत्मप्रतिरक्षेचा आहे. अकरावे पुनरीक्षण २०१९ मध्ये स्वीकारले गेले व १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात प्रतिरक्षा यंत्रणेच्या रोगांना स्वतंत्र प्रकरण आहे. ग्रेव्हज रोग मात्र अंतःस्रावी विकारांतच, ५ए०२.० या संकेतांकाखाली, ‘पसरट गलगंडासह थायरोटॉक्सिकोसिस’ म्हणून राहिला आहे.