दिनविशेष : १५ एप्रिल
बोरघाटातील पहाट

२०२३ : पुण्यात पिंपळे गुरव येथे आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम वाजवून गोरेगावचे झांज पथक रात्रीच परत निघाले होते. पहाटे चारच्या सुमारास, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, शिंग्रोबाच्या देवळाजवळ त्यांची बस कठडा तोडून दरीत कोसळली. १३ जण गेले. बहुतेक तरुण, काही तर विशीच्याही आतले.

घाटाची वाट इंग्रजांना ज्या धनगराने दाखवली असे सांगतात, त्याचेच हे देऊळ. गाडीवाले येथे नाणे टाकून पुढे जातात. त्या पहाटे मात्र वरून खाली उतरले ते खोपोलीचे लोक. दोर बांधून, अंधारात, पोलिसांच्या बरोबरीने. खोपोलीतील गिर्यारोहक आणि ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या गटाच्या कार्यकर्त्यांना घाटातला असा फोन नवा नाही. पगार नाही, गणवेश नाही. हाक आली की निघायचे. त्यांची आठवण आजच्या दिवशी मृतांच्या आठवणीसोबतच व्हायला हवी.

राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली. तीनच महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हाही अंधारात डोंगर चढणाऱ्यांत खोपोलीकर होते.