खात्यातून पैसे गेले तर: बँकेशी कसं बोलायचं, काय लिहून द्यायचं

पैसे कापल्याचा मेसेज येतो आणि घरात गोंधळ उडतो. कुणी म्हणतं सकाळी बँक उघडल्यावर जाऊ, कुणी म्हणतं आधी दुबईला भाईजानला फोन लावा, अम्मीला कसं सांगायचं याची वेगळीच चर्चा. या चर्चेत पहिला तास निघून जातो, आणि अशा प्रकरणात तोच तास सगळ्यात मोलाचा असतो. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. काही मिनिटांत ते तीन-चार खात्यांत फिरतात आणि मग एटीएममधून बाहेर पडतात. ते खात्यात आहेत तोवरच अडवता येतात.

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज, कोकण, कुठूनही वाचक विचारतात तेव्हा प्रश्न एकच असतो: "बँक म्हणते आमची जबाबदारी नाही, खरं का?" आमचं उत्तर असं की बऱ्याचदा ते अर्धंच खरं असतं. उरलेलं अर्धं बँकेच्या काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून ते इथे सविस्तर देत आहोत.

आधी दोन फोन

पहिला फोन बँकेला: कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग सगळं बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. दुसरा फोन १९३० या क्रमांकावर. ही केंद्रीय गृह मंत्रालयाची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेपर्यंत पोहोचते आणि शिल्लक असलेली रक्कम रोखून धरता येते. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरा. घरात दोन माणसं असतील तर दोन्ही फोन एकाच वेळी लावा, क्रमाचा विचार करत बसू नका.

बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनीच टाकलेले "कस्टमर केअर" नंबर असतात आणि घाबरलेला माणूस दुसऱ्यांदा लुटला जातो. नंबर कार्डाच्या मागे असतो, पासबुकावर असतो. फेसबुकवर तक्रार लिहिल्यावर "आम्ही पैसे परत मिळवून देतो" म्हणणारे मेसेज येऊ लागतात, तेही त्याच जातीचे.

मोबाइल, त्यातले मेसेज, व्हॉट्सॲपवरचं संभाषण काहीही पुसू नका. "चला, घाण काढून टाकू" म्हणत मुलगा फोन रिसेट करतो आणि पुरावाच जातो. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर घ्या.

नियम काय सांगतो

६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात कुणी किती नुकसान सोसायचं, हे त्यात ठरवून दिलं आहे. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. बँकेत बोलताना या परिपत्रकाचा तारखेसह उल्लेख केला की समोरच्याचा सूर बदलतो.

चूक किंवा हलगर्जी बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. तुम्ही कळवलं की नाही, उशिरा कळवलं का, याचाही फरक पडत नाही. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठेतरी गडबड झाली, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी तेव्हाही शून्यच. चार ते सात दिवसांत कळवलं तर दर व्यवहारामागे ठरलेल्या मर्यादेपर्यंतचं नुकसान तुमचं: झीरो बॅलन्सच्या साध्या बचत खात्याला ५,००० रुपये, इतर बचत खात्यांना १०,००० रुपये, मोठ्या चालू खात्यांना आणि पाच लाखांहून जास्त मर्यादेच्या क्रेडिट कार्डांना २५,००० रुपये. रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं.

दिवस मोजताना मेसेज मिळाल्याचा दिवस धरत नाहीत आणि तुमच्या शाखेच्या सुट्ट्या वगळतात. गुरुवारी मेसेज आला, मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार आले, तर तिसरा दिवस मंगळवारी पडतो. हा हिशोब उशीर झालेल्यांसाठी आहे. ज्याला आज कळलं त्याने आजच कळवावं.

इथे आपल्या घरांतली एक अडचण सांगायला हवी. खातं अम्मीचं, पण नोंदवलेला मोबाइल नंबर सौदीत किंवा कतारमध्ये असलेल्या मुलाचा, किंवा कधीच बंद पडलेल्या जुन्या सिमचा. मेसेज तिकडे जातो, तो ड्युटीवर असतो आणि इकडे कुणाला पत्ताच नसतो. प्रत्येक खात्याला ते खातं जो खरोखर वापरतो त्याचाच नंबर हवा. मुलाच्या एनआरई खात्यातून पैसे गेले असतील तर बँक खातेदाराशीच बोलेल, म्हणून घरच्यांनी शाखेत हेलपाटे घालण्याआधी त्याने तिथूनच बँकेच्या परदेशी ग्राहकांच्या क्रमांकावर आणि ईमेलवर कळवावं.

परिपत्रकात आणखी तीन गोष्टी आहेत. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, तीही व्यवहार झाला त्या तारखेपासून. (व्याजाशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांनाही याचा उपयोग आहे: खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला, दंड लागला, तर तो परत मागता येतो.) ही जमा तात्पुरती असते, चौकशीत बँकेची बाजू खरी ठरली तर परत घेतली जाते, म्हणून ती लगेच खर्चू नका. दुसरं, नव्वद दिवसांत बँकेने प्रकरण निकाली काढायचं. आणि तिसरं, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं: ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. "ओटीपी बरोबर टाकला गेला, म्हणजे तुम्हीच दिला असणार" एवढं म्हणून बँकेला मोकळं होता येत नाही.

न्यायालयांनीही हे सांगितलं आहे. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे ७७ लाख रुपये परत करायला लावले, आणि त्यासाठी याच परिपत्रकाचा आधार घेतला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेचं अपील फेटाळलं. त्या प्रकरणात रक्कम ९४ हजारांच्या आसपास होती आणि ग्राहकाने चोवीस तासांच्या आत कळवलं होतं.

ओटीपी खरंच दिला असेल तर

मग बाजू कमकुवत होते, हे स्पष्ट सांगायला हवं. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड तुम्ही दिला असेल तर कळवण्याआधी झालेलं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून दहा मिनिटांत चार व्यवहार झाले आणि दुसऱ्यानंतर तुम्ही फोन केला, तर उरलेल्या दोनांसाठी तुम्ही भांडू शकता. त्यासाठी कॉलची वेळ पुराव्यानिशी हवी.

"डिजिटल अरेस्ट"च्या धाकाने किंवा स्वस्त उमराहच्या जाहिरातीला भुलून तुम्ही स्वतःच पैसे पाठवले असतील, तर बँक म्हणते व्यवहार तुमच्याच परवानगीने झाला. तिथे २०१७ चं परिपत्रक फारसं कामाला येत नाही, सगळी आशा १९३० वर आणि पोलिसांवर असते. तरीही बँकेला लेखी कळवाच.

याच्या उलट आधार आणि अंगठ्यावर चालणारे व्यवहार. गावातल्या केंद्रावर मशीनवर बोट ठेवून पैसे काढतात, त्यात ओटीपी नसतो. बोटाच्या ठशाची नक्कल करून असे पैसे काढले गेल्याची प्रकरणं झाली आहेत. नानी कुठे गेली नाही, फोनही वापरत नाही, आणि पैसे दुसऱ्या राज्यात निघाले, तर बँक "तुम्ही ओटीपी दिला" म्हणूच शकत नाही. तुमची बाजू इथे भक्कम आहे. तक्रारीसोबत आधारचं बायोमेट्रिक लॉकही करून टाका, आधारच्या ॲपमधून ते होतं.

खोटं मात्र लिहू नका. ओटीपी दिला असेल तर "दिला नाही" असं लिहिलेलं अर्जात सापडलं की पुढची सगळी तक्रार संशयात जाते. कसं फसवलं ते जसं घडलं तसं लिहा.

शाखेत काय द्यायचं

फोनवर तक्रार केली तरी लेखी अर्ज द्याच. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन परत आणा. "आधी एफआयआर आणा, मग अर्ज घेतो" असं काही शाखांत सांगतात. बँकेला कळवण्यासाठी एफआयआर लागतो असं परिपत्रकात कुठेही नाही. अर्ज घेतलाच नाही तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेलने पाठवा आणि शाखेला रजिस्टर पोस्टाने. मजकूर साधा ठेवा:

"माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार आकडे …) दिनांक … रोजी … वाजता … रुपये माझ्या परवानगीशिवाय गेले. व्यवहार क्रमांक …. आपला मेसेज मला … वाजता मिळाला व मी … वाजता आपल्या हेल्पलाइनवर कळवले, तक्रार क्रमांक …. १९३० वरील तक्रार क्रमांक …. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी. तक्रार फेटाळल्यास कारण व पुरावे लेखी द्यावेत."

खातं सहकारी बँकेत असेल तर परिपत्रकाची तारीख बदला, सहकारी बँकांचं १४ डिसेंबर २०१७ चं आहे. शेवटचं वाक्य गाळू नका, पुढे लोकपालाकडे तेच उपयोगी पडतं. मॅनेजरशी आवाज चढवून काही मिळत नाही. ते पैसे त्यांच्या टेबलावरून परत येत नाहीत, वरच्या कार्यालयातून येतात, आणि तिथे तुमचा कागदच जातो.

बँकेने नाही म्हटलं तर

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन इथे भरायची, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. २०२१ च्या योजनेत यासाठी एक वर्षाची मुदत दिली होती, पण कडेपर्यंत थांबण्यात काही शहाणपण नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, ही पहिलीच अट आहे आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. पोलिसांत तक्रार चालू आहे म्हणून लोकपाल तुम्हाला परत पाठवत नाही. मात्र त्याच पैशासाठी ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात दावा चालू असेल तर लोकपालाचा दरवाजा बंद होतो, म्हणून रस्ता विचार करून निवडा.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पैसे पतसंस्थेच्या खात्यातून गेले असतील तर लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही, तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करावी लागते.

१९३० मुळे चोराच्या खात्यात रक्कम अडकली असेल तर ती आपोआप परत येत नाही. बऱ्याचदा न्यायालयाचा आदेश लागतो. आता हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली होतं. किती रक्कम कुठे अडकली आहे ते सायबर पोलिसांकडून लेखी घ्या आणि त्यावर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो.

तुमचंच खातं गोठवलं असेल तर

हे दुकानदारांच्या बाबतीत घडतं. गिऱ्हाइकाने यूपीआयने दोन हजार दिले, ते पैसे कुठल्या तरी फसवणुकीतले निघाले आणि दुकानाचं अख्खं खातं बंद. बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: कुठल्या राज्याच्या पोलिसांनी कळवलं, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग त्या पोलिसांना ईमेलने बिल, मालाचा तपशील आणि गिऱ्हाइकाचा व्यवहार क्रमांक पाठवा, आणि फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करावं अशी विनंती करा. त्याची प्रत बँकेलाही द्या. "कमिशन मिळेल, खातं वापरायला दे" म्हणणाऱ्या ओळखीच्याला ज्या मुलाने खातं दिलं असेल, त्याचं प्रकरण मात्र वेगळं. त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि त्याने बँकेच्या आधी वकिलाकडे जावं.